हरलेल्याची सही

मराठेशाहीच्या न्यायदप्तरांत एक विलक्षण कागद आढळतो. त्याचे नाव यजितखत. वादाचा निवाडा झाला म्हणजे जो पक्ष हरला त्याने जिंकलेल्या पक्षास हा कागद लिहून द्यावयाचा असे. त्याचा इत्यर्थ एवढाच की, अमुक वतनाविषयी किंवा अमुक शेताविषयी मी तुझ्याशी भांडलो, पंचांपुढे माझे म्हणणे खोटे ठरले, यापुढे मी या गोष्टीचा वाद सांगणार नाही. निवाडपत्र वेगळे होई, महजरावर गोताच्या निशाण्या वेगळ्या होत. हे सर्व असूनही हरलेल्याच्या या कागदावाचून न्याय पुरा झाला असे त्या काळच्या लोकांस वाटत नसे.

आजच्या दिवाणी न्यायालयास अशा कागदाची गरज भासत नाही. न्यायाधीश निकाल देतात, हुकूमनामा निघतो, यथाकाल त्याची बजावणी होते. हरलेला मनुष्य मान खाली घालून घरी गेला की अपिलाच्या तयारीला लागला, याची निकालपत्रास दखल नसते. मग प्रश्न असा उभा राहतो की, न्यायाला हरलेल्याची संमती हवी काय? की ती मागणे हाच एक सूक्ष्म अन्याय आहे? वरवर पाहता हा इतिहासाच्या अभ्यासकाचा प्रश्न वाटेल. परंतु लोकअदालतीच्या मेजावर, कुटुंब न्यायालयाच्या समुपदेशकापुढे, आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेताना आपल्याच ओसरीवर तो आजही उभा राहतो. तेव्हा त्याचा विचार थोडा मुळापासून केलेला बरा.

आम्हां जबलपूरकरांस हे यजितखत अगदीच परके नाही. १७८१ साली सागरच्या मराठी सुभेदारांनी गढा-मंडल्याचे राज्य जिंकले आणि आपले ठाणे जबलपुरास आणले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे. ज्या राजवटीत यजितखताचा रिवाज होता त्याच राजवटीची ही छत्तीस वर्षे. त्या व्यवस्थेचे सर्वांत तपशीलवार वर्णन मात्र पुण्याकडचे आहे. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जिंकलेल्या प्रदेशाविषयी कलकत्त्यास जो अहवाल पाठविला, त्यात न्यायाच्या जुन्या रीतीला त्याने बरीच पाने दिली आहेत.

ती रीत स्थूलमानाने अशी. गावात तंटा झाला तर तो प्रथम पाटलाकडे जाई. पाटील दोघांना समजावून पाही. न जमल्यास पंच बसवी. तिथेही न मिटल्यास मामलेदार किंवा कमाविसदार आणि त्याच्यावर सरसुभेदार. पण हे अधिकारी दिवाणी वाद सहसा स्वतः तोडीत नसत, पंचायत नेमून देत. पंच बहुधा वादी-प्रतिवादींच्याच दर्जाचे व व्यवसायाचे असत. सावकाराचा वाद सावकार पाहत, वतनाचा वाद वतनदार पाहत. सुरुवातीला दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेतला जाई, म्हणजे पंच सांगतील ते आम्हांस मान्य असे लेखी वचन. (आज राजीनामा म्हटला की आपल्याला मंत्री आठवतो. शब्दांचेही दैव असते.) त्यास जामीन लागत. मग दोघांच्या तकरिरी लिहून घेतल्या जात, साक्षी होत, कागदपत्र पाहिले जात. पुरावाच नसला तर बेलभंडार उचलून शपथ, आणि अगदी अटीतटीच्या प्रसंगी दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा त्याला रवादिव्य म्हणत. शेवटी निवाडा. जिंकणाऱ्याने सरकारास हरकी द्यावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी. आणि हरणाऱ्याने वर यजितखतही लिहून द्यावे.

या व्यवस्थेचे दोष एल्फिन्स्टनला दिसत होते. कामे वर्षानुवर्षे रेंगाळत. पंचांना वेतन नसे म्हणून ते जमत नसत. निवाडा अमलात आणण्यास सरकारी बळ नेहमी पाठीशी असेच असे नाही. पुष्कळ वेळा धनकोने ऋणकोच्या दारी तगादा लावून बसावे, धरणे धरावे, आणि त्याला अन्नपाण्यावाचून कोंडून वाटेवर आणावे, हाच न्यायाचा मार्ग उरे. असे असूनही पंचायत टिकावी अशी एल्फिन्स्टनची मनापासून इच्छा होती. लोकांचा तिच्यावर विश्वास होता, ‘पाचामुखी परमेश्वर’ ही भावना खरी होती. परंतु जवळपास न्यायालय उघडले आणि पंचायत ओस पडू लागली. ज्या लोकांचा तिच्यावर इतका विश्वास होता त्यांनी ती इतक्या लवकर का सोडली? सरकारचा आधार काढून घेतला गेला, हे त्याचे एक कारण निश्चित. पण दुसरेही असावे. त्या विश्वासात किती श्रद्धा होती आणि किती निरुपाय, हे दुसरे दार उघडेपर्यंत कोणाला कळणार?

हरलेल्याकडून सही घेण्याची ही रीत केवळ आपलीच होती असे नाही. हिमालयापलीकडे, चीनच्या छिंग साम्राज्यात, हाच रिवाज होता. तिथे दिवाणी वाद जिल्हा-अधिकाऱ्यापुढे चाले, आणि निकाल झाला म्हणजे दोन्ही पक्ष एक जामीनवजा कागद लिहून देत. त्यास ‘गानज्ये’ म्हणत. ‘साहेबांचा निर्णय आम्ही स्वखुशीने मान्य करतो’ असा त्याचा भाव. यजितखत आणि गानज्ये लिहिणाऱ्यांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल, पण दोघांचा हेतू एकच होता. वाद केवळ संपून चालत नाही, तो ज्याचा होता त्याच्या तोंडून संपला पाहिजे.

चीनमधील त्या अधिकाऱ्याची स्थिती समजून घेण्यासारखी आहे. साऱ्या साम्राज्यात असे सुमारे तेराशे जिल्हे. एकेका जिल्ह्यात लाख-दोन लाख, कुठे त्याहूनही अधिक वस्ती. तिच्यावर हा एकटा अधिकारी. सारा वसूल करणे, चोर पकडणे, परीक्षा घेणे, पूर आला तर बांध घालणे, सर्व त्यानेच पाहावयाचे. स्वतःच्या प्रांतात त्याची नेमणूक होत नसे, म्हणून पुष्कळदा तिथली बोलीही त्याला उमजत नसे. लोक त्याला ‘मायबाप अधिकारी’ म्हणत. ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग आपल्यालाही शिकवावा लागत नाही. जमीन, लग्न, वारसा, कर्ज यांचे तंटे कायद्याच्या दृष्टीने ‘किरकोळ बाबी’ गणले जात. चौथ्या महिन्याच्या प्रतिपदेपासून सातव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत, शेतीचा हंगाम म्हणून, अशा फिर्यादी घेतल्याच जात नसत. आणि या सर्वांच्या डोक्यावर कन्फ्यूशियसची शिकवण होती. फिर्यादी ऐकण्यात मी इतरांसारखाच, पण खरे काम फिर्याद होऊच नये हे, असा तिचा आशय. कचेरीत जाणे ही लाजेची गोष्ट, नम्रपणे थोडे सोडून देणे हे सज्जनाचे लक्षण.

यावरून पुष्कळ विद्वानांनी असे चित्र रंगविले की, चीनचा अधिकारी न्याय देतच नसे, तो बापाप्रमाणे समजूत घाली, थोडे याचे थोडे त्याचे करून दोघांना घरी पाठवी. जपानचे थोर अभ्यासक शिगा शूझो यांचे मत बरेचसे या बाजूचे. पुढे जुनी जिल्हा दप्तरे अभ्यासकांस खुली झाली. फिलिप ह्वांग यांनी बाशियान, बाओदी आणि तैवानातील तानश्वेई-शिन्चू अशा तीन ठिकाणच्या ६२८ दिवाणी प्रकरणांचा अभ्यास करून १९९६ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात निघाले ते वेगळेच. जी २२१ प्रकरणे शेवटपर्यंत जाऊन अधिकाऱ्यापुढे उभी राहिली, त्यांपैकी १७० मध्ये, म्हणजे शेकडा ७७ मध्ये, त्याने कायद्याप्रमाणे एका पक्षाच्या बाजूने स्पष्ट निकाल दिला. समजूत घालण्याचे काम तो करीत नव्हता. ते गावात होत होते. फिर्याद दाखल झाली की अधिकारी अर्जावर दोन ओळींचा शेरा मारी. त्या शेऱ्यावरून वारा कोणीकडे वाहतो हे दोघांना कळे. मग गावची वडील मंडळी मध्ये पडत आणि शंभराहून अधिक प्रकरणे अशी वाटेतच मिटली.

मला या संशोधनात विशेष वाटते ते हे. समेट झाला तो निवाड्याच्या छायेत झाला. गावच्या वडिलांनी दुबळ्याच्या पदरात काही टाकले असेल तर ते त्यांच्या दयाळूपणामुळेच असे नव्हे. पुढच्या तारखेला एक अनोळखी, परप्रांतीय, कदाचित चिडखोर मनुष्य उच्चासनावर बसून याहून अधिक देऊ शकेल, हे सर्वांना ठाऊक होते. ती भीती काढून टाका, आणि त्याच वडिलांनी त्याच ओसरीवर घडविलेला समेट किती निराळा झाला असता! अर्थात हे चित्र गोड करून सांगण्यात अर्थ नाही. कचेरीचे शिपाई पावलोपावली पैसे उकळीत, आणि गरिबाला ती पुढची तारीख गाठणेच महाग पडे. गानज्येवरील ‘स्वखुशी’ किती खरी होती हे त्या कागदावरून कळणे नाही. आपल्या यजितखतावरूनही कळत नाही.

आता नर्मदाकाठी परत यावे. १८२८ साली विल्यम हेन्री स्लीमन या कंपनीच्या लष्करी अधिकाऱ्याकडे जबलपूर जिल्ह्याचा कारभार आला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे, कटनीजवळचे स्लीमनाबाद त्याच्याच नावाचे. पण सागर-नर्मदा प्रदेशात बंगालचे कायदेकानू जसेच्या तसे लागू नव्हते. महसूल, फौजदारी आणि दिवाणी ही सर्व कामे एकाच अधिकाऱ्याच्या अंगावर असत, म्हणजे आपल्या चिनी मायबापाचीच अवस्था. या अनुभवावर स्लीमनने १८४४ मध्ये ‘रॅम्बल्स अँड रिकलेक्शन्स’ या नावाने ओळखला जाणारा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सत्यवचनाविषयी एक प्रकरण आहे. पुढे माक्स म्युलरने भारतीयांच्या सत्यनिष्ठेवर केंब्रिजला व्याख्यान दिले तेव्हा त्याचा मोठा आधार हे प्रकरणच होते.

स्लीमनचे म्हणणे असे. या देशाचे लोक खोटारडे आहेत असे जे इंग्रज म्हणतात, त्यांनी त्यांना केवळ कचेरीत पाहिले आहे. आपल्या गावात, आपल्या माणसांत, हेच लोक जगातील कोणाइतकेच खरे बोलतात. मालमत्ता, स्वातंत्र्य, किंबहुना जीव एका खोट्या शब्दाने वाचत असताना तो शब्द उच्चारण्यास नकार देणारी शेकडो माणसे त्याने पाहिली होती. खोटेपणा वाढतो तो आमच्या न्यायालयांच्या आवारात, आणि जिथे न्यायालय जितके जुने तिथे तो तितका अधिक, असे हा न्यायासनावर बसणारा मनुष्यच लिहितो. गावाच्या पिंपळाखाली साक्ष देणारा पान हातात घेतो, खोटे बोललो तर वर बसलेल्या देवाने मला असेच चुरडावे म्हणून ते पान चुरगळतो, आणि मग बोलतो. रानातील लोकांत पिंपळाच्या जागी सावरीचे झाड असते, आणि त्यावरचा देव अधिक धाकाचा. का, तर त्याच्याकडे तेवढाच एक टापू असतो, कामाचा व्याप थोडा, म्हणून आसपासच्या प्रत्येकाच्या वर्तनाकडे त्याला बारकाईने पाहता येते. स्लीमनने हे काहीसे मिस्कीलपणे लिहिले आहे. पण स्थानिक न्यायाची सारी शक्ती आणि सारा धोका त्या सावरीच्या झाडावर बसलेला आहे असे मला वाटते.

शक्ती कोणती ते उघड आहे. जो शेजाऱ्यांपुढे बोलतो त्याला उद्या त्याच विहिरीवर पाणी भरावयाचे असते. कचेरीत खोटे बोलून तो घरी येऊ शकतो, पिंपळाखाली खोटे बोलला तर त्याला घरच उरत नाही. कायद्यालाही ही शक्ती मोहवीत आली. १८४० च्या कायद्याने हिंदू व मुसलमान साक्षीदारांची धार्मिक शपथ काढून साधे प्रतिज्ञावचन आणले खरे. परंतु १८७३ च्या शपथ कायद्यात पुन्हा अशी तरतूद झाली की, एका पक्षाने दुसऱ्यास म्हणावे, तू अमुक प्रकारे शपथ घेऊन सांग, ते मला मान्य. त्याने तशी घेतली तर त्याचे बोलणे हाच निर्णायक पुरावा. ही तरतूद १९६९ चा नवा कायदा येईपर्यंत जिवंत होती.

धोका मात्र स्लीमनच्या नजरेतून निसटला. ज्या विहिरीवर उद्या पाणी भरावयाचे, त्या विहिरीची मालकी कोणाची? सत्य बोलावयास लावणारी ही गावाची नजर गप्प बसावयासही लावते. गोतसभेच्या महजरांखाली बलुतेदारांच्या निशाण्या आढळतात, आणि त्या व्यवस्थेची ही थोरवी मान्य केली पाहिजे. परंतु निशाणी असणे आणि बोलता येणे यांत अंतर आहे. पाटलाविरुद्ध ज्याला तक्रार करावयाची तो पाटलानेच बसविलेल्या पंचांपुढे ‘राजी’ होतो, तेव्हा तो कशाला राजी होतो? निवाड्याला, की उद्याही त्याच गावात राहता यावे या आशेला? स्त्रीचे तर विचारावयासच नको. तिच्या वतीने बहुधा दुसरेच कोणी बोलत असे.

आपल्या मंडळ्यांतही एक सवय आहे. दोन कुटुंबांत तंटा झाला, आणि त्यातील दुबळे न्यायालयाकडे जाऊ लागले, की कोणीतरी पौलाचे करिंथकरांस लिहिलेले पहिले पत्र उघडतो. भावाने भावावर फिर्याद करावी हे लाजिरवाणे, त्यापेक्षा अन्याय सोसलेला काय वाईट, असे त्या सहाव्या अध्यायात आहे, हे खरेच. परंतु वाचणारा सातव्या वचनापाशी पुस्तक मिटतो. आठव्यात पौल वळतो तो अन्याय करणाऱ्याकडे. तुम्हीच आपल्या भावांना नाडता, असे तो त्यांना बजावतो. शिवाय मंडळीत निवाडा करू शकेल असा एकही शहाणा नाही काय, हा त्याचा सवाल आहे. तो निवाडा मागतो आहे, पीडिताचे मौन नव्हे. लूकच्या अठराव्या अध्यायातील विधवा आठवा. तिच्यापुढे कोणी मध्यस्थ गेला असता तर तिने त्याला दाराबाहेर उभे केले असते. तिला समजूत नको होती, आपल्या प्रतिवाद्याविरुद्ध न्याय हवा होता, आणि तो मिळेपर्यंत ती हटली नाही.

अलीकडच्या काळात समेटाला पुन्हा मोठी प्रतिष्ठा आली आहे, आणि ती येण्यास सबळ कारणेही आहेत. तुंबलेले दावे, वकिलांचा खर्च, अपिलावर अपील, यांत एक पिढी जाते. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ च्या नोव्हेंबरात अमलात आला आणि लोकअदालतीला कायद्याचे बळ मिळाले. तिथे झालेला निर्णय अंतिम असतो, त्यावर अपील नाही, भरलेले न्यायशुल्कही परत मिळते. पुढे २०२३ मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदाही झाला. आमच्या जबलपुरात उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ १९५६ पासून आहे, त्यामुळे तडजोडीची ही भाषा या शहराच्या कानावर सतत पडते. परंतु अपील नाही याचा अर्थ काय? दोघांनी राजीखुशीने ठरविले, मग अपील कशाविरुद्ध, हा त्यामागचा विचार. म्हणजे सारा डोलारा त्या एका राजीखुशीवर उभा. सर्वोच्च न्यायालयास २००८ मध्ये एका प्रकरणात स्पष्ट सांगावे लागले की, लोकअदालतीला स्वतः निवाडा करण्याचा अधिकार नाही, पक्षांचे जमले तरच तिने नोंद करावी, न जमल्यास प्रकरण न्यायालयाकडे परत पाठवावे. हे सांगावे लागले, यावरूनच मोह किती मोठा आहे ते दिसते. मुंबईच्या बोलीत तर तडजोडीसाठी ‘मांडवली’ हा शब्द रुळला, आणि त्या शब्दाला येणारा दर्प सर्वांच्या परिचयाचा आहे.

संमती न विचारता झालेल्या तडजोडीचे फार मोठे उदाहरण याच प्रदेशात घडले. भोपाळची वायुदुर्घटना १९८४ च्या डिसेंबरातली. १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा सांगण्याचा अधिकार एकट्या केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला. हेतू वाईट नव्हता. गरीब माणसाने परदेशी कंपनीशी कसे लढावे? भोपाळचे जिल्हा न्यायाधीश एम. डब्ल्यू. देव यांनी १७ डिसेंबर १९८७ रोजी ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई ठरविली. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९८८ रोजी ती २५० कोटींवर आणली. प्रकरण दिल्लीस गेले, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सरकार व कंपनी यांच्यात ४७ कोटी डॉलरांवर समेट झाला. मूळ मागणी तीन अब्जांहून अधिक होती. ज्यांची फुफ्फुसे जळली होती त्यांना कोणी विचारले नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात मान्य केले की, पीडितांचे म्हणणे आधी ऐकावयास हवे होते. पण मोठे न्याय्य कार्य साधण्यासाठी थोडा अन्याय कधी कधी चालवून घ्यावा लागतो, अशा आशयाचे शब्द त्या निकालात आले. १९९१ च्या पुनर्विलोकनात फौजदारी खटले पुन्हा उभे राहिले, रक्कम मात्र कायम राहिली, आणि ती वाढवून मिळावी म्हणून केलेला शेवटचा अर्जही २०२३ च्या मार्चमध्ये फेटाळला गेला. मायबापाने लेकरांच्या वतीने सही केली, आणि ती सही चौतीस वर्षांनंतरही पुसता आली नाही.

या पार्श्वभूमीवर यजितखताकडे पुन्हा पाहिले तर त्यात एक प्रामाणिकपणा दिसतो. ‘मला आनंद झाला’ असे तो कागद म्हणत नाही. ‘मी हरलो’ असे म्हणतो. त्यापूर्वी त्या माणसाची तकरीर लिहून घेतलेली असते, त्याचे साक्षीदार ऐकलेले असतात, पंचांचा पक्षपात दाखवून देता आला तर नवी पंचायत मागण्याची वाट त्याला असते. त्याच्याकडून मागितली जाते ती कबुली, खुशी नव्हे. आजच्या तडजोडपत्रात मात्र दुबळ्याला हरल्याचेही लिहिता येत नाही. त्याचा पराभव त्याच्याच आनंदाच्या शब्दांत नोंदवावा लागतो. माझ्या मते या दोन सह्यांतील खरा भेद असा आहे. सही करणाऱ्याने ती नाकारली असती तर त्याच्या वाट्याला काय येणार होते, हे पाहावे. नकारानंतर निवाडा मिळणार असेल, तर संमतीला मोल आहे. नकारानंतर केवळ बहिष्कार, उपासमार किंवा वीस वर्षांची तारीख मिळणार असेल, तर ती सही तगाद्याला बसलेल्या धनकोने काढलेल्या सहीहून निराळी नाही, मग ती पिंपळाखाली झालेली असो की न्यायाधीशांच्या मेजावर.

म्हणून मला न्यायालयांतील तडजोडींपेक्षा आपल्या घरांतील तडजोडींची अधिक चिंता वाटते. तिथे ना महजर, ना साक्षी, ना शेरा मारणारा परका अधिकारी. ख्रिस्ती कुटुंबांस लागू असलेला भारतीय वारसा कायदा १९२५ चा. मृत्युपत्र नसल्यास विधवेचा तिसरा हिस्सा बाजूला काढून उरलेले मुलामुलींत समान वाटावे असे त्यात आहे. हिंदू कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत भावाबरोबरीचा हक्क २००५ मध्ये मिळाला, आपल्या मुलींना वारशात तो कितीतरी आधीपासून होता. तरीही वडील गेल्यावर महिना-दोन महिन्यांत हक्कसोडपत्राचा विषय निघतो. ‘कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने’ हे शब्द लेखनिक आधीच टंकून ठेवतो. त्या कागदाला बहिणीने नकार दिला तर दिवाळी-नाताळला माहेरचे दार उघडे राहील की नाही, हा हिशेब कुठल्याच रकान्यात नसतो. ज्या बहिणीला आपला हिस्सा किती आणि त्याची किंमत काय हे आधी कोणी बसवून समजावून सांगितले आहे, आणि नाही म्हणालीस तरी तू आमचीच असे ज्या भावाने आपल्या तोंडाने म्हटले आहे, तिने प्रेमाने सोडलेला हक्क ही निराळी आणि सुंदर गोष्ट आहे. तशी घरे आहेत, नाही असे नाही.

एरवी पुढचे सर्व लवकर आटोपते. निबंधकाच्या कचेरीत बहिणीला बाकावर बसवून ठेवतात, नाव पुकारले की ती आत जाते, अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकविते. कायद्याने निबंधकाला तिला विचारावयाच्या गोष्टी दोनच : आपण त्याच ना, आणि हा कागद आपणच करून दिला ना. दोहोंनाही ती होय म्हणते, आणि बाहेर भाऊ रिक्षा थांबवून उभा असतो.